सुतकातला सामना

माझ्या हर्षदाचे वडील लूमच्या खात्यात, मागावर काम करता करता गेले, तेव्हा ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. शहाण्णव सालचा श्रावण. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या घरात सुतक चालू होतं. गावाकडच्या बायका दारावर येत, रडून जात. मी नुसती बसून असायची. कोणी पाणी दिलं की प्यायची.

त्यातच कॉलेजांची वर्षातली पहिली बास्केटबॉल स्पर्धा आली. युनिव्हर्सिटीच्या संघासाठी मुली तिथूनच निवडत. हर्षदा वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होती. सकाळी तिची कॅप्टन अर्चना आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मासी, हर्षदाला पाठवा ना. ती नसेल तर आम्ही हरलोच समजा."

माझ्या सासूबाई कोपऱ्यातून ओरडल्या, "बापनी राख गार नई व्हयनी, अन हाई उड्या माराले चालनी!"

हर्षदा माझ्याकडे बघत होती. मी "जा" म्हटलं. विचार करून नाही. सगळ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या, म्हणून.

संध्याकाळी ती आली, मोरीत अंघोळ करून माझ्याजवळ बसली. समोर शिरपूरहून आलेल्या बायका गळे काढून रडत होत्या.

"झाली निवड?" मी विचारलं.

"नाही."

"का गं?"

"समोरच्या मुलींना कळलं, आपल्याकडे सुतक आहे. त्यांचे श्रावणाचे उपास. शिवायला नको म्हणून मी बॉल घेतला की बाजूला व्हायच्या. बास्केटपर्यंत रस्ता मोकळा. दोनदा टाकला. मग सरांना सांगून बाहेर बसले."

सासूबाई रडता रडता थांबल्या. "बाहेर बसनी? त्या सोता बाजूले सरकन्यात, मंग टाकाना व्हता ना बॉल! येडी पोर!"

"आजी, त्याला खेळणं नाही म्हणत."

"मंग काय म्हनतस?"

"कोणीतरी आडवं यायला लागतं गं," हर्षदा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. वडील गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. शिरपूरच्या बायकांना बरं वाटलं. पोरगी मोकळी झाली, असं एक जण म्हणालीसुद्धा.

तिचे केस ओले होते. मी ते पदराने पुसत राहिले. पुढच्या वर्षी खेळशील, असं काहीतरी तिला म्हणायला हवं होतं.