चारच्या घरातला डाग

मित्रांनो, मी एक जुनी वेदनापट्टी आहे. माझ्यामुळे एक गोळी नापास झाली. पण ते तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. दवाखान्यातही सगळे तसंच समजून चाललेत.

मी म्हणजे वीतभर पुठ्ठा. एका टोकाला शून्य, म्हणजे काहीच दुखत नाही. दुसऱ्या टोकाला दहा, म्हणजे सोसवत नाही. अमरावतीच्या एका दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली, तेव्हा मला आणलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्या रुबीना सिस्टरलाही नाही. पिठालाही नसावं.

दर सोमवारी वरूडहून, संत्री पेट्यांत भरणाऱ्या बाया या चाचणीसाठी येत आणि एकाच बाकावर रांगेनं बसत. रुबीना मला पुढे धरी, त्या बोट ठेवत. बोट सहाच्या पुढे गेलं, तर दुखणं थांबवणारी नेहमीची गोळी वेगळी मिळे. पहिल्याच दिवशी सुंदराबाईनं दवाखान्यात रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून संत्री आणली, एक सोलून रुबीनाला खाऊ घातलं आणि त्याच बोटानं माझा चार दाबला. पिवळा डाग पडला. तेव्हापासून प्रत्येकीचं बोट डागावर. रुबीना मला शाबासकी देई, कारण काम झटपट उरके. मी थकले होते, पण शाबासकी कोणाला नको असते?

महिन्याभरानं आकडे तपासणाऱ्या शाकीबचा अकोल्याहून फोन आला. "आपा, हे दुखणं हाय का हजेरी? सगळेच चार."

रुबीनानं मला उजेडात धरलं. मग दाराबाहेर पाहिलं. त्याच बायांतली पार्वताबाई कठडा धरून पायऱ्या उलट्या उतरत होती. रुबीनानं तिला परत बोलावलं, दार लोटलं.

"मावशी, चारच दुखते तं उलट्या काहून उतरता?"

पार्वताबाईनं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. "समद्या तेथीच बोट ठेवतात, पोरी. मी एकटीनंच वर ठेवलं तं म्हणतीन, हिलेच लय दुखते. माह्या दुखण्याचा एवढा मोठेपणा कायले?"

रुबीनानं नवी कोरी पट्टी दिली. पार्वताबाईचं बोट हळूहळू सरकत आठवर थांबलं. नेहमीची गोळी तिला त्याच दिवशी मिळाली.

पण लिहिलेला आकडा खोडायचा नसतो. त्या महिन्याभराच्या चारांमुळे खरी गोळी आणि पीठ सारखंच ठरलं. मला फाईलीत टाचलं. मित्रांनो, कोणाचं दुखणं विचाराल तर एकट्यात विचारा, आणि हात धुऊन.

तरी उपरोक्त बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, यापुढे प्रत्येक दुखण्यास स्वतंत्र खोली, एक खुर्ची व लोटता येईल असे दार मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत : डाग, एक.