पोहोचल्याचा फोन

बारकीचं विमान संध्याकाळचं होतं, पण घरात रडारड दुपारपासूनच सुरू झाली. खरं तर रडत होती एकटी आई. ताई बॅगेवर गुडघा टेकवून चेन लावायच्या खटपटीत होती, आणि बाबा कधीचे चपला घालून दाराशी बसले होते. "निघायचं ना?" असं ते अधूनमधून विचारत आणि उत्तर न ऐकताच पुन्हा रस्त्याकडे बघत.

बारकी म्हणजे घरातली धाकटी. तिशी उलटली तरी घरच्यांच्या तोंडी तिला दुसरं नाव नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची आणि ती मेणाचा वास भरलेल्या लांबट खोलीत खिडकीशी बसून एकेक दात मेणात बसवायची. हात इतका साफ, की परदेशातल्या एका मोठ्या कारखान्याने तिला नोकरी देऊ केली, राहायला खोलीही बघून दिली. बाबांची कवळी तिनेच केली होती. बाबा चिडले की ती काढून सरळ खिशात टाकायचे. मग ते काय बोलतात ते कुणाला कळायचं नाही आणि भांडणाचा जोरच जायचा.

विमानतळावर आईने तिचे दोन्ही हात धरले ते सोडेचना.

"पोहोचलीस की आधी फोन. मग बाकीचं सगळं."

"हो गं. किती वेळा सांगशील?"

"ऐकेपर्यंत."

"आई, सोड आता तिला," ताई म्हणाली, "नाहीतर विमान आपल्याच दारात घेऊन यायला लागेल." सगळे हसले, आईसुद्धा. बाबांनी बारकीच्या डोक्यावर टपली मारली आणि तोंड फिरवून उगाच पाट्या वाचायला लागले.

काचेच्या दारापलीकडे गेल्यावर तिने वळून पाहिलं. तिघंही हात हलवत होती, पण तिच्याकडे बघून नाही. रांगेत पुढे एक बाई उभी होती, तिचंही जाकीट बारकीच्या जाकिटासारखं निळंच होतं. तिघांचे डोळे त्या बाईच्या पाठीवर होते. बारकीने हात उंच करून हाक मारली, पण काचेतून आवाज काय जाणार! निळ्या जाकिटाची बाई वळली नाही. बारकीला हसू आलं. आई ना, धड बघणार नाही आणि घरी जाऊन म्हणेल, वळूनसुद्धा पाहिलं नाही पोरीने.

विमानात तिच्या शेजारी एक आडदांड माणूस बसला. विमानाने जमीन सोडली तसा तो घोरायला लागला. बारकीने जेवण उरकलं, दोनदा कूस बदलली, झोप काही येईना. दिवे मंद केलेले. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता, त्यावर पांढरं विमान हळूहळू समुद्र ओलांडत होतं. ते बघता बघता तिचे डोळे जड झाले.

तिने पुन्हा पाहिलं तेव्हा पांढऱ्या विमानाचं नाक उलटीकडे होतं, घराकडे.

आधी वाटलं पडदा बिघडला. तिने मागच्या-पुढच्या रांगांमध्ये डोकावून पाहिलं. प्रत्येक पडद्यावर तेच. सगळे झोपलेले, आणि सगळ्यांना घेऊन विमान गुपचूप परत निघालं होतं. बऱ्याच वेळाने वैमानिकाचा आवाज आला: एका इंजिनात बिघाड झाला आहे, घाबरण्याचं कारण नाही, आपण निघालो तिथेच परत उतरत आहोत.

उतरले सुखरूप. मग तासन्‌तास एका थंडगार हॉलमध्ये बिस्किटं आणि कोमट चहा. शेवटी दुपारी सांगितलं, दुसरं विमान उद्या संध्याकाळी. बाहेरगावच्यांची हॉटेलात सोय झाली. बारकीने टॅक्सी पकडली आणि घर गाठलं. घरी कळवलं नव्हतं. जुनं सिम ती आईला देऊन आली होती, आणि कुणाचा फोन मागून 'इंजिन बिघडलं' असं आईला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. समोर उभी राहिले की आपोआप घोर जाईल, असा तिचा हिशेब.

दार ताईने उघडलं. उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अगं, आत तर येऊ दे," बारकी म्हणाली. "विमान अर्ध्यातून परत फिरलं. इंजिन बिघडलं. मेले मी दमून."

ताई मागे सरकली, पण तिचा हात दारावरच राहिला. आतून आई आली. हात पुसत आली, बारकीला पाहिलं आणि हात पुसायचे थांबले.

"आई, घाबरू नकोस, काही झालं नाही—"

"तिचा फोन आला," आई म्हणाली. आईचा आवाज अगदी हळू होता. "सकाळीच आला. पोहोचली ती."

"कोण पोहोचली?"

"बारकी."

बारकी हसली. एकटीच हसली. "कुणीतरी चेष्टा केली असेल."

"मला माझ्या मुलीचा आवाज कळत नाही?" आई ताईकडे बघून बोलत होती. "थंडी फार आहे म्हणाली. खोलीची खिडकी मागच्या अंगणात उघडते. घरमालकीण स्वभावाने बरी आहे. विमानात डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाली, शेजारी एक जाडा माणूस रात्रभर घोरत होता."

घोरणाऱ्या माणसाबद्दल बारकी अजून कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती.

बाबा खोलीच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि खिशात टाकली. गाल आत गेले, चेहरा परका झाला. काहीतरी बोलले ते, पण कुणाला कळलं नाही.

"तो नंबर दाखवा मला," बारकी म्हणाली. बाबांचा फोन टेबलावरच होता. सगळ्यात वरती तो लांबलचक नंबर होता. तिने तो लावला. बऱ्याच वेळाने एका वयस्कर बाईने उचलला. बाईची भाषा नोकरीसाठी शिकली तेवढी बारकीला समजत होती. आज यायची होती ती मुलगी आली का, तिने विचारलं.

"आली की," बाई म्हणाली. "माझ्याच फोनवरून घरी बोलली. आता झोपली आहे बिचारी. कोणाचा फोन आहे म्हणून सांगू?"

बारकीने तोंड उघडलं. तिने फोन ठेवून दिला.

मग ती वेड्यासारखी बोलत सुटली. पासपोर्ट दाखवला, लहानपणच्या खोड्या सांगितल्या, ताईच्या पाठीवरचा भाजल्याचा डाग कशाने झाला ते सांगितलं. सगळं बरोबर होतं, आणि ती जितकं बरोबर सांगत गेली तितकी तिघं एकमेकांच्या जवळ सरकत गेली. शेवटी आई म्हणाली,

"बसा. पाणी घेता का?"

बारकी बघतच राहिली. शिव्या दिल्या असत्या, दार लावलं असतं, तरी चाललं असतं. "आई, अहो-जाहो काय करतेस मला?"

आईने पाणी आणलं. पाहुण्यांच्या पेल्यात आणलं.

ती रात्र तिने बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर काढली. आतल्या खोलीची कडी त्या घरात कधी कुणी लावत नसे. ती लागल्याचा आवाज तिने ऐकला. दुसऱ्या दिवशी आईने वाढलं, आणि ती जेवत असताना समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ती चावते कशी, गिळते कशी, ते बघत राहिली. बाबा बाहेर आलेच नाहीत. टॅक्सी ताईने बोलावली.

निघताना बारकी दाराशी थांबली. "आई, निदान आज तरी जवळ घे."

आईचा हात उचलला गेला. बारकीच्या गालाजवळ आला आणि तिथेच थांबला. गरम भांड्याजवळ थांबतो तसा.

"सांभाळून जा हं," आई म्हणाली. "तुमच्याही घरी कुणी वाट बघत असेल."

ताई फाटकापर्यंत आली. टॅक्सी सुरू झाल्यावर घाईने खिडकीत वाकून पुटपुटली, "मला वाटतं तूच आहेस गं. पण आईसमोर कसं बोलू? ती एकदा सुखरूप पोहोचल्याचं ऐकून बसलीय." मग मागे वळून बघत बघत घरात गेली.

या खेपेला विमान मध्ये कुठे फिरलं नाही. बारकीने सबंध प्रवासात पडद्यावरून नजर हलवली नाही.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं आणि भुवया उंचावल्या. "अरे! बाहेर कधी गेलीस? दाराचा आवाजसुद्धा आला नाही मला." मग बॅगेकडे बघून म्हणाल्या, "आलं वाटतं सामान. ये, ये, गारठशील."

खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. पलंगावरची चादर चुरगळलेली, उशीला डोक्याएवढा खळगा. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकला होता, तो ओला होता. बारकीने कपाट उघडलं, पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. कुणी नव्हतं. दाराला पाठ लावून ती जमिनीवर बसली, जिन्यावर पाऊल वाजतं का ते ऐकत. अंधार पडेपर्यंत कुणी आलं नाही. मग खाली जाऊन तिने बाईंचा फोन मागितला.

"आई, मी बोलतेय. पोहोचले."

पलीकडून आईचा आवाज आला, "तू, का ती?"

"आई, मीच गं."

"ती पण हेच म्हणते."

बारकीला रडू फुटलं. परक्या घराच्या बोळात, परक्या बाईच्या फोनवर ती हमसून हमसून रडली. आई ऐकत होती. आईने मध्येच काही विचारलं नाही, समजूत घातली नाही. रडण्याचा जोर ओसरल्यावर एवढंच म्हणाली,

"हे बघ. जी कुणी असशील ती. वेळेवर जेवत जा."

आई 'तू' म्हणाली होती, 'तुम्ही' नाही. बारकीने नाक पुसलं आणि "हो" म्हटलं.

ती तिथेच राहिली. नवी चादर आणली, टॉवेल फेकून दिला. कारखान्यात तिचं काम आवडलं. बाईंना पुन्हा कधी दारावर चुकीच्या वेळी कुणी दिसलं नाही. दर रविवारी ती घरी फोन करायची आणि आई हळूहळू पूर्वीसारखी बोलायला लागली होती. भाजी महागली, ताईची बदली होतेय, बाबांचा गुडघा धरलाय. कधीकधी तिने नवीन काही सांगायला घेतलं की आई म्हणायची, "हे परवा बोललीस की." बारकी परवा बोललेली नसायची. पुढे ती गप्प बसून ऐकून घ्यायला शिकली, कारण वाद घातला तर आई पुन्हा 'तुम्ही'वर जाईल, ही धास्ती मोठी होती.

थंडी सरत आली होती त्या सुमाराची गोष्ट. बारकी नेहमीप्रमाणे बोलत होती. आई मजेत होती, बाबांची काहीतरी नक्कल करून दाखवत होती. तेवढ्यात पलीकडे दुसरा फोन वाजला.

"थांब हं," आई म्हणाली. "बाबांचा फोन वाजतोय. ठेवू नकोस."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आईची पावलं. मग थोडं लांबून, पण अगदी स्पष्ट, आईचा हसरा आवाज: "हं, बोल गं. जेवलीस का?"

बारकीने फोन ठेवला नाही. कानाशी घट्ट धरून, खिडकीशी उभी राहून ती ऐकत राहिली. आईचं बोलणं होईपर्यंत, आपली पाळी येईपर्यंत.