टीप पाहा

निवृत्त ग्रंथपालांनी आयुष्यात एकच पत्र बिनउत्तराचं ठेवलं होतं, आणि नेमकं तेच उत्तर देण्याजोगं होतं. एरवी गॅस कंपनीच्या छापील पत्रकालाही ते आभाराच्या दोन ओळी धाडत. हे पत्र मात्र सतरा दिवस शब्दकोशात दडपलेलं होतं.

लिहिलं होतं भूगोलाच्या बाईंनी. दहा वर्षं त्या दर शनिवारी दोन पुस्तकं न्यायला येत. ‘मासिकातला फोटो पाहून तुम्ही म्हणाला होतात, स्टेक आणि कोळंबी मी घरी करतो, एकदा या. महिनाअखेर मी कायमची मुलाकडे चालले आहे. तोवर बोलावणार आहात, की तेही कुठे वाचलेलंच होतं?’

दहा वर्षांत त्यांनी बाईंसमोर धीर करून काढलेलं ते एकमेव वाक्य, आणि तेही धडधडीत खोटं. त्यांचं पाककौशल्य उकडलेल्या अंड्यापाशी संपत होतं. त्यातलीही निम्मी फुटत.

दुसऱ्या कुणी ‘या’ एवढं लिहून पेटीत टाकलं असतं. पण आमचे गृहस्थ जबाबदार. आधी रंगीत तालीम, मग आमंत्रण. म्हणून बुधवारी भर दुपारी बाराला पडदे ओढून त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या आणि पाहुणी म्हणून वरच्या मजल्यावरच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती निवृत्त परिचारिका.

“लाइट गेलेत?” तिने दारातूनच विचारलं.

“वातावरणनिर्मिती आहे.”

“बरं. मला वाटलं, कोणी गेलं.”

तवा तापला, मांसाचा जाड तुकडा चरचरला. पुस्तकात लिहिलं होतं : प्रत्येक बाजू दोन मिनिटे भाजावी (टीप पाहा). सामान्य माणसाने घड्याळ पाहिलं असतं. ग्रंथपालांनी टीप पाहिली. टिपा न वाचणाऱ्यांची त्यांनी चाळीस वर्षं मनोमन कीव केली होती. टीप पुस्तकाच्या शेवटी, बारीक टाइपात, तीन पानांची. मांस तपकिरी का होतं याविषयी. फारच रंजक होती. तिच्यातून आणखी एक टीप निघाली.

“दादा, धूर येतोय.”

“एकच पान राहिलंय.”

बहिणीने उठून गॅस बंद केला. तव्यातल्या काळ्या ऐवजाकडे पाहत, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तशा शांतपणे ती म्हणाली, “आणायला उशीर केलात.”

कोळंबीच्या वेळी तिने पुस्तक काढून घेतलं आणि त्यावर बसली. “आता नुसतं तव्यात बघ.”

त्यांनी बघितलं. लोण्यात लसूण तांबूस झाला, कोळंबी गुलाबी होऊन वळली. वरून लिंबू. इतकंच. हे कुठल्याही टिपेत नव्हतं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

बहिणीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणजे उत्तम झाली होती. तोंडाने ती मेली तरी म्हणाली नसती.

“बाईंना काय लिहिलंस?”

“मसुदा चालू आहे.”

“कितवा?”

“नववा.”

“स्टेकही मघाशी चांगला होता,” ती म्हणाली. “जायला किती दिवस राहिलेत त्यांना?”

आठ. त्यांनी मेणबत्त्या फुंकल्या, पडदे सारले आणि तेलकट हातानेच लिहायला बसले.

‘शनिवारी संध्याकाळी सातला या. स्टेक मला येत नाही. तेव्हाही येत नव्हता. कोळंबी येते, आज दुपारपासून.’

खाली ‘ता. क.’ लिहिलंच होतं. बहिणीने पेन काढून घेतलं.

“अगं, तारखेबद्दल एक खुलासा—”

“दोनला टपालाची गाडी येते, दादा.”

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी त्यांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबले. ‘तेव्हाही’ हा शब्द फार उघडा पडत होता. त्याऐवजी काय बसेल, हे शोधायला शब्दकोश घरी होता. गाडी वळणावर दिसली. त्यांनी बोटं सोडली.