परीक्षेची केस

झुंबरबाई गल्लीत दिसली की मस्तगडातल्या चार घरांना कळायचं, ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात परीक्षा लागली. लहान मुलांच्या वॉर्डातली ही मावशी वर्षातून दोनदा यायची, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळी उरकल्यावर. आत यायची नाही. उंबऱ्यातूनच सांगायची, "सरांनी बोलीवलंय. अन् लेकराला तेल लावून आणू नका, पोरांची तपासायची नळी घसरती."

शेजारच्या पुष्पाबाई ओट्यावरून विचारायच्या, "काय हो शरयू, पुन्हा दवाखाना?" शरयू म्हणायची, दवाखाना नाही, परीक्षा. "कुणाची, रेवाची?" रेवा तेव्हा दुसरीत. शरयू नुसती हसायची. तसं म्हटलं तर रेवाचीच होती.

रेवाच्या हृदयाला भोक होतं. दीड वर्षाची असताना न्यूमोनियानं सुकून गेलेल्या पोरीला दीनानाथ आणि शरयू ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेले, तेव्हा पिंपळे सरांनी ते शोधून काढलं. सर समजावून सांगणारे होते. हृदयाचे दोन कप्पे, मधे पडदा, पडद्याला भोक. एका बाजूचा जोर जास्त, म्हणून रक्त भोकातून फवाऱ्यासारखं उडतं आणि त्याचा आवाज होतो. शरयूचा हात धरून त्यांनी रेवाच्या छातीवर ठेवला होता. तळहाताखाली काहीतरी घुरघुरत होतं, अंगावर झोपलेल्या मांजरासारखं. सर म्हणाले, कित्येक भोकं आपोआप बुजतात. नाही बुजलं तर शाळेत घालायच्या सुमाराला हैदराबादला ऑपरेशन. वाट बघू.

त्या दिवसापासून शरयू वाटच बघत होती. रोज सकाळी रेवाच्या झग्याची बटणं लावायच्या आधी ती छातीवर हात ठेवायची. रेवाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ती स्वतःच बटणं सोडून समोर उभी राहायची.

आणि हीच छाती सरांना परीक्षेसाठी हवी असायची. इतका स्वच्छ आवाज जिल्ह्यात दुसऱ्या लेकराचा नाही, असं ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगायचे. ते ऐकून शरयूला एक विचित्र अभिमान वाटायचा आणि मागोमाग स्वतःचाच रागही यायचा. पण परीक्षेची केस म्हटल्यावर रांग नसे, चिठ्ठी नसे. सर नावानं ओळखत. दोन महिन्यांनी तपासायला या म्हणून पहिल्यांदा सांगितलं होतं, ते मागे पडलं. शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा ऑपरेशनचं नावही कुणी काढलं नाही. शरयूनं मनाशी हिशेब घातला होता, दर सहा महिन्यांनी होणारे डॉक्टर आणि झालेले डॉक्टर मिळून एवढे कान लागतात पोरीच्या छातीला, काही कमीजास्त असतं तर कुणीतरी बोललं नसतं का?

परीक्षेची एक रीत होती, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. मुलगा किंवा मुलगी केसपाशी यायची, पडदा ओढायची आणि तपासायच्या आधी हळूच विचारायची, "काकू, काय आहे?" केसवाल्यांना सगळं पाठ असे. पलीकडच्या खाटेवर पांथरी वाढलेल्या पोराची आई चतुराबाई नोट कमरेला लागल्याशिवाय तोंड उघडत नसे. "आमचं लेकरू उघडं पडतं तुमच्यासाठी, फुकट व्हय?" म्हणायची. शरयू मात्र पैशाला शिवत नसे. ती बी. ए. झालेली. घामेजलेली, रात्रभर न झोपलेली ती पोरं बघून तिला दया यायची. आपली रेवा उद्या अशीच कुठंतरी परीक्षेला बसेल, असं काहीबाही मनात यायचं. मग ती सरांच्याच शब्दांत सांगायची, "व्हीएसडी. डावीकडे, चौथ्या फासळीपाशी पॅनसिस्टॉलिक मर्मर. हात ठेवला तर थ्रिल लागतं." मर्मर म्हणजे भोकातल्या फवाऱ्याचा आवाज, थ्रिल म्हणजे ती घुरघुर. पोरांचे चेहरे उजळायचे. जाताना रेवाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवून जायची.

गेल्या दोन वर्षांत मात्र रेवाचं नशीब पालटल्यासारखं झालं होतं. सततचा खोकला थांबला. वजन धरलं, गालावर मांस आलं. आणि सकाळच्या त्या हाताला घुरघुर हळूहळू कमी लागत गेली आणि एक दिवस लागेनाशीच झाली. शरयूनं ही गोष्ट फक्त दीनानाथला सांगितली. पहिले तीन महिने दिवस गेल्याचं जसं बाहेर बोलत नाहीत, तसं तिनं हे जपलं. मागच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या धांदलीत सरांना दारात गाठून विचारलं होतं, सुधारतंय ना? सर चालता चालता म्हणाले, "वजन वाढलं? खोकला नाही? मग झालं तर." तिला एवढंच हवं होतं. म्हणजे, हे थोडं कमीच होतं. तिला अजून एक वाक्य हवं होतं. पांढरा कोट घातलेल्या कुणीतरी कानात नळ्या घालून म्हणावं, बाई, काहीच ऐकू येत नाही.

मग ती पोरांना जुनंच उत्तर का सांगायची? कारण उत्तर सरांचं होतं. त्यापुढे आपल्या तळहाताचं काय घेऊन बसायचं? शिवाय बुजलं, बुजलं म्हणत सुटलं आणि नजर लागली तर?

त्या वर्षीची दिवाळीनंतरची परीक्षा आली तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. आदल्या संध्याकाळी रेवा दोरीवरच्या उड्या मारून धापा टाकत आत आली, तेव्हा शरयूला तिचे ओठ जांभळट दिसले. तिनं दिव्याखाली नेऊन पाहिले. थंडीनं फुटलेत, म्हणाली आणि साय चोळली.

रेवापाशी शेवटी आलेला मुलगा वयानं मोठा वाटत होता. कोट इस्त्रीचा, पण गळ्याशी विरलेला. मच्छिंद्र त्याचं नाव, हसनाबादचा. त्यानं आधी ‘काय आहे’ असं विचारलं नाही. रेवाला विचारलं, शाळेत कोण मारतं? रेवा म्हणाली, कुणी नाही, मीच मारते. तो हसला. मग त्यानं शरयूला एकेक विचारायला घेतलं. जिना चढताना थांबते का? खेळता खेळता उकिडवी बसते का? एवढं कधी कुणी विचारलं नव्हतं. शरयूला वाटलं, बिचाऱ्याला रीत माहीत नाही. तिनं पुढे झुकून सगळं उत्तर सांगून टाकलं.

त्यानं मान डोलावली आणि नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. काढली, तळहातावर घासून गरम केली, पुन्हा लावली. मग नुसता हात ठेवला, अगदी शरयू ठेवायची तसा. मग रेवाचा हात उचलून खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि नखं पाहिली.

"ताई, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सरांनी. का हो? तेच लिहा. सगळे तेच लिहितात."

त्यानं नळी गळ्यात अडकवली.

पडदा सरला. पिंपळे सर आणि बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या. दिवसभर तेच तेच ऐकून दोघंही कंटाळलेले. सरांनी रेवाच्या डोक्यावर टपली मारली आणि मच्छिंद्रला बोल म्हणाले. तो बोलू लागला. शरयूचंच उत्तर होतं, शब्दाला शब्द. मॅडमनी नळी गळ्यातच ठेवून विचारलं, "थ्रिल?"

मच्छिंद्रनं एकदा शरयूकडे पाहिलं. "आहे, मॅडम."

मॅडमनी मान हलवली. सर खूश दिसले.

शरयूच्या हातात रेवाचा स्वेटर होता, तो तिथंच राहिला. थ्रिल नव्हतं. कुणाला नाही तरी तिला ते माहीत होतं. इतकी वर्षं ती रोज सकाळी त्या जागी हात ठेवत होती. हा मुलगा खोटं बोलला होता आणि त्याला पूर्ण गुण मिळत होते. म्हणजे याच्या आधीचेही सगळे तेच बोलले होते. तिला वाटत होतं एवढे कान रेवाच्या छातीला लागतात. ते सगळे कान तिच्याच तोंडाला लागलेले होते.

ती रेवाला चतुराबाईपाशी बसवून बाहेर धावली. मच्छिंद्र पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होता. तिला पाहून त्यानं नळ बंद केला.

"तिसरा चान्स हाय ताई माझा," तो तिनं काही विचारायच्या आधीच म्हणाला. "बाप काल आल्ता गावाहून. खाली झाडाखाली बसून राह्यलाय. मी येगळं सांगितलं असतं अन् सर म्हणले असते, ह्याला मर्मर ऐकू येईना, तर गेल्तो मी बराबर घरी."

"तुम्हाला आवाज आला का?"

"न्हाई."

"म्हणजे बुजलं ना?"

त्यानं ओले हात कोटाला पुसले. मग हळू म्हणाला, "बुजलं असतं तर हृदयाचा दुसरा ठोका इतका जोरात वाजला नसता. अन् नखं… ताई, तुम्ही सरांना स्वतः ऐकायला लावा. आजच. जल्दी करा. माझं नाव सांगायचं तर सांगा."

सर खोलीत डबा उघडून बसले होते. मॅडम शेजारी गुण लिहीत होत्या. रेवाला पुढे करून शरयू दारातच म्हणाली, सर, एकदा तुम्ही स्वतः ऐका. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण हात पुसून उठले. रेवानं सवयीनं बटणं सोडली.

पहिल्यांदा त्यांनी उभ्या उभ्या नळी टेकवली. मग खुर्ची ओढून बसले. पंखा बंद करायला सांगितला. नळी एका जागेवरून दुसऱ्या जागी, पुन्हा पहिल्या जागी. रेवाची बोटं उलटी करून पाहिली. मग मॅडमना बोलावलं आणि दोघं इंग्रजीत बोलू लागले. बी. ए. झालेल्या शरयूला त्यातला एकच शब्द पुरला. लेट.

"कुणी सांगितलं तुम्हाला परत ऐकवायला?" सरांनी विचारलं.

"मीच आले," शरयू म्हणाली.

"आज एवढ्या मुलांनी तपासलं हिला आणि…" सरांनी वाक्य अर्धंच सोडलं. मॅडम आपल्या हातातल्या गुणांच्या कागदाकडे बघत होत्या.

सरांनी पुन्हा समजावून सांगितलं, पण आता ते तिच्याकडे न बघता सांगत होते. भोक बुजलेलं नव्हतं. होतं तेवढंच होतं. फवाऱ्याचा मार खाऊन खाऊन फुप्फुसातल्या नळ्या जाड, कडक झाल्या होत्या, आणि पलीकडचा जोर अलीकडच्या एवढाच झाला होता. दोन हौदांत पाणी सारख्या पातळीला आलं की मधल्या भोकातून ते वाहत नाही आणि वाहिलं नाही की आवाज होत नाही. फुप्फुसात जादा रक्त उडेनासं झालं, खोकला थांबला तो त्यामुळंच, वजन वाढलं तेही त्यामुळंच. आणि जरा जोर पडला की पलीकडचं अशुद्ध रक्त भोकातून उलटं अलीकडे मिसळतं, म्हणून ओठ आणि नखं जांभळी.

"मग आता ऑपरेशन?"

"ते आधी व्हायला हवं होतं. आता भोक बंद केलं तर हिचं हृदय तो जोर झेलणार नाही. आता ते भोकच हिला सांभाळतंय." मग घाईनं म्हणाले, "हैदराबादला दाखवून घ्या. मी चिठ्ठी देतो."

हैदराबादला दाखवलं. त्यांनी मोठमोठ्या यंत्रांनी पाहिलं आणि तेच सांगितलं. धावू देऊ नका, उंचावर नेऊ नका, बाकी जेवढी वर्षं आहेत तेवढी. किती, ते कुणीच सांगेना. परतीच्या गाडीत दीनानाथ एकच गोष्ट बोलला, की पिंपळे सरांना हे दोन वर्षांआधी कळायला पाहिजे होतं. शरयूला पोरांचे उजळलेले चेहरे आठवत होते आणि बिस्किटांचे पुडे. मच्छिंद्र पास झाल्याचं झुंबरबाईकडून कळलं. बापानं वॉर्डात पेढे वाटले म्हणे.

रेवा आता दोरीवरच्या उड्या मोजायला बसायची, मारायला नाही. सकाळी बटणं सोडून ती उभी राहायची आणि शरयू हात ठेवायची. खाली शांत असायचं. ज्या शांततेसाठी तिनं उपास केले होते, ती हीच.

उन्हाळ्यात झुंबरबाई आली. या वेळी चप्पल काढून आत आली, जमिनीवर टेकली. म्हणाली, "सर म्हणले, रेवाच्या आईवर जबरदस्ती न्हाई. पन अशी केस पोरांना बघायला भेटत न्हाई म्हनून इचारलं." दीनानाथ ताडकन उठून आत निघून गेला. शरयूनं झुंबरबाईला पाणी दिलं. मग विचारलं, किती वाजता?

रेवापाशी आलेली मुलगी अगदी लहानखुरी होती. कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. तिनं पडदा ओढला आणि रीतीप्रमाणे कुजबुजली, "काकू, काय आहे?"

"तुम्ही ऐका," शरयू म्हणाली.

मुलगी गोंधळली. पलीकडून चतुराबाई म्हणाली, "आता तुम्ही बी पैसे घेता व्हय?" शरयूनं तिकडे पाहिलं नाही. मुलीनं नळी लावली. डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. शरयू तिच्या तोंडाकडे बघत राहिली, पूर्वी निकालाच्या फळ्याकडे बघायची तशी. हळूहळू त्या आठ्या सुटल्या. मुलीनं डोळे उघडले आणि सुटल्यासारखी हसली.

"काकू, मला तर काहीच ऐकू येत नाही. छान आहे हो हिचं हृदय."

इतकी वर्षं जे वाक्य कुणा पांढऱ्या कोटातून यावं म्हणून शरयू जीव टाकत होती, ते असं आलं. रेवानं आईकडे पाहिलं. तिलाही ते ऐकू आलं होतं.

"पुन्हा ऐका," शरयू म्हणाली. मग तिनं रेवाचा हात उचलला आणि बोटं सरळ करून, नखं वर येतील अशी, पांढऱ्या चादरीवर खिडकीच्या उजेडात ठेवली.