पांढरी चारचे बुवा

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला कीर्तनातला फक्त खोकला येतो. एका कीर्तनकाराचा आवाज भर मंडळीत कसा फाटला आणि त्यातून त्याचं भलं कसं झालं, ते सांगते. घाबरू नका, उपदेश थोडका आहे.

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याचे हिम्मतराव म्हणजे त्या काळचे नावाजलेले ख्रिस्ती कीर्तनकार. 'नावाजलेले' हा शब्द त्यांचाच. ही गोष्टही पुढे तेच सांगत, आणि सांगताना स्वतःला इतके हसत की मध्येच कुणाला तरी पाणी आणून द्यावं लागे.

एरवी ते शाळेत ड्रॉइंग मास्तर. रविवारी दुपारी अंबरपेठच्या चर्चमध्ये तेलुगू मंडळीची उपासना आटोपली की आमची मराठी मंडळी जमायची. मग हिम्मतराव फेटा बांधून, उपरणं सावरून, चिपळ्या घेऊन उभे राहत. विषय बहुधा एकच: जुना माणूस उतरवून टाका, नवा माणूस अंगावर घ्या. सव्वीस वर्षं ते हे लोकांना गाऊन सांगत होते. त्या लोकांत स्वतःला धरायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्यांना अभिमान दोन गोष्टींचा. पहिला गळ्याचा. "पन्नाशी आली, पण अजून पांढरी चारमध्ये गातो," असं ते ओळख नसलेल्यालाही सांगत. पेटीची चौथी पांढरी पट्टी म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. भलेभले बुवा वयाबरोबर एकेक पट्टी खाली येतात, हिम्मतराव मात्र जिथल्या तिथे. दुसरा अभिमान श्रीपतीचा. श्रीपती त्यांचा पेटीवाला, महसूल कचेरीत कारकून, बोलायला कमी. "माझी पेटी आणि माझा पेटीवाला," असं बुवा म्हणत. क्रम हाच.

सन छप्पन्न उजाडलं. हैदराबाद राज्य तिघांत वाटलं जाणार हे ठरलं, मराठवाडा मुंबईकडे जाणार म्हणून कचेऱ्यांतून याद्या लागल्या. कोण इथे राहणार, कोण तिकडे जाणार, पसंती लिहून द्या. श्रीपतीने औरंगाबाद लिहून दिलं. बुवांना हे कळलं ते चर्चच्या पायरीवर, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"मला विचारलं नाहीस?"

"बुवा, आई थकली. जालन्याला एकटी असते. साहेबांनी कागद पुढे केला, मी लिहिलं."

"आणि माझं कीर्तन?"

"पेटीवाले काय, हैदराबादेत पुष्कळ आहेत."

"आहेतच! पैशाला पासरी आहेत!" बुवा म्हणाले, आणि तिथून पुढे सहा आठवडे त्यांनी श्रीपतीशी अबोला धरला, कीर्तनही बंद ठेवलं. चर्चमध्ये समोर आला की ते त्याच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत. ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे खिडकी बघायला कारणही होतं.

श्रीपती सोमवारी सकाळच्या गाडीने जाणार होता. आदल्या दिवशीच्या रविवारी बुवांनी मुद्दाम कीर्तन जाहीर केलं. पेटीवर बरकतपुऱ्याच्या कुसुमताई, शाळामास्तरीण.

"अहो, उद्या श्रीपती भावजी जायचे आणि आज पेटीवर कुसुमताई?" घरून निघताना बुवांच्या पत्नी तारामतीबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिम्मतरावांचं कुणावाचून अडत नाही."

"आणि देव काय म्हणेल?"

"कीर्तन त्याचंच आहे, तो कशाला बोलतोय!"

कुसुमताई शिस्तीच्या. पेटीवरचं कापड काढून, घडी घालून बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पट्टी कुठली, बुवा?"

"पांढरी चार," बुवा मोठ्याने म्हणाले, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. मागच्या रांगेत श्रीपती येऊन बसला होता. बोलावलं नव्हतं तरी आला होता.

कुसुमताईंनी पांढरी चार दिली. अगदी नेमकी.

बुवांनी नमन धरलं तेव्हाच त्यांना कॉलर घट्ट झाल्यासारखी वाटली. सदऱ्याला कॉलर नव्हती. तरी रेटलं. मग स्वतः रचलेलं पद घेतलं, 'जुने वसन हे फेडुनि टाकी, नवा करी मज नाथा'. 'नाथा'वर सूर वर चढतो. बुवाही चढले, आणि तिथे त्यांचा आवाज जो फाटला म्हणता! कोंबड्याच्या गळ्यावर पाय पडावा तसा. पुढच्या रांगेतल्या मालनबाईंनी पदर तोंडात कोंबला. दाराशी उभा असलेला चौकीदार हळूच म्हणाला, "अल्ला, क्या हुआ मास्टरजी को?"

"ताई, पेटी चढली आहे," बुवा गुरगुरले.

"पेटी कशी चढेल, बुवा? तुम्ही सांगितली तीच पट्टी आहे. बघा." कुसुमताईंनी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. शाळेत चुकलेल्या मुलाला दाखवतात तसं.

पुन्हा धरलं, पुन्हा फाटलं. घामाने फेट्याचा रंग कपाळावर उतरला. एवढ्यात श्रीपती मागून उठून आला, कुसुमताईंपाशी वाकला आणि हलकेच म्हणाला, "ताई, काळी एक द्या." मग मंडळीकडे वळून, "बुवांचा घसा धरलाय आज. हवा बदलली ना." एवढं बोलून तो पेटीशेजारीच जमिनीवर बसला.

काळी एक लागली, आणि बुवांचा गळा असा मोकळा झाला की लोक डोलायला लागले. सगळं ओळखीचं. हाच तो सूर, ज्यात ते अलीकडे दर रविवारी गात होते. काळी एक म्हणजे पांढरी चारपेक्षा चार पायऱ्या खाली. गाता गाता बुवा पायऱ्या मोजत होते.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला गेला, ते दम खायला बसले आणि मंडळीने भजन धरलं. त्या गलक्यात बुवा खाली वाकले. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच बोलले.

"कधीपासून?"

श्रीपती जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला टायफॉइड झाला होता ना, त्यानंतर. सात वर्षं झाली. आवाज वर जाईना. सांगितलं असतं तर तुम्ही गाणंच सोडलं असतं. म्हणून दर एक-दोन वर्षांनी एकेक पायरी उतरवत गेलो. तुम्ही पुढे उभे, पट्टी दिसत नव्हती."

"आणि मी जगाला पांढरी चार सांगत हिंडत होतो!"

"सांगत होता," श्रीपती म्हणाला. त्याला हसू आवरेना.

भजन संपत आलं. बुवांच्या पुढे आता दोन वाटा होत्या. घसा धरल्याची थाप श्रीपतीने आयती हाती दिलेली होती. ती पांघरली की अब्रू शाबूत, उत्तररंगात ठरलेलं आख्यान लावायचं, टाळ्या घ्यायच्या. शिवाय श्रीपती उद्या जाणार, म्हणजे साक्षीदारही गावात उरत नव्हता! हा हिशोब आपल्या डोक्यात किती झपाट्याने झाला, हे सांगताना हिम्मतराव पुढे कान धरत.

ते उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "ठरलेलं आख्यान आज नाही. आज एका गाढवाचं आख्यान. हे गाढव सव्वीस वर्षं लोकांना सांगत होतं, जुनं वस्त्र उतरवा. आणि स्वतः? आतला जुना सदरा तसाच, वरून दर रविवारी नवं उपरणं!" मग त्यांनी सगळं सांगितलं, गाऊन, बोलून, काळी एकमध्ये. घसा धरला नव्हता हेही. लोक हसले, मग हसता हसता डोळे पुसू लागले. बुवांनी गळ्यातला हार काढून श्रीपतीला घालायला पुढे केला, तर तो मागे सरकला. "बुवा, नक्को. काय लग्न आहे का माझं?"

गोष्ट इथे संपली असती तर हिम्मतराव मोठे झाले असते. पण घरी परतताना, रिक्षात, ते तारामतीबाईंना म्हणाले, "काय गं, कसं झालं? इतक्या लोकांसमोर कबुली द्यायला छाती लागते. असा कीर्तनकार दुसरा दाखव."

तारामतीबाई बाहेर बघत होत्या. "सगळ्या मंडळीला सांगितलंत. पण सहा आठवडे ज्यांच्याशी बोलला नाहीत, त्यांना काही म्हणालात?"

बुवांनी मनात आख्यान पुन्हा चाळलं. आख्यानात गाढव होतं, पट्टी होती, टायफॉइड होता. अबोला तेवढा त्यांनी सफाईने गाळला होता.

सकाळी काचीगुडा स्टेशनावर ते फेटा न बांधता गेले. श्रीपती वळकटीवर बसला होता. बुवा समोर उभे राहिले. पेटी नाही, चिपळ्या नाहीत, समोर ऐकणारा एकटा. आयुष्यात पहिल्यांदा हिम्मतराव साथीशिवाय उभे होते.

"श्रीपती," ते कसेबसे म्हणाले, "तू आईकडे निघालास आणि मी तुझ्यावर रुसलो. तुझ्या डोक्यावरून बघत राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर."

श्रीपती उठला. "माफ केलं, बुवा. आता माझंही ऐका. सात वर्षं मी तुम्हाला फसवलं. भीतीने फसवलं. तुम्ही गाणं सोडलंत तर मी कुणाला साथ करणार? मलाही माफ करा."

तिथेच वळकटीवर दोघे बसले आणि गाडीची घंटा होईपर्यंत प्रार्थना केली. म्हणजे श्रीपतीने केली. बुवा नुसतेच रडत होते, आणि बेसूर.

हिम्मतराव बदलले का, असं तुम्ही विचाराल. मंगळवारीच ते दूधवाल्यावर ओरडले. पण ओरडून झाल्यावर अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे धावले आणि हात जोडून आले. धावणं नवीन होतं. देवाने त्यांच्यात एवढंच सुरू केलं होतं, आणि ते सुरू राहिलं.

कीर्तनाच्या जाहिरातीत पेटीवाल्याचं नाव छापत नाहीत. म्हणून आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल तेव्हा औरंगाबादच्या श्रीपतीचं नाव तेवढं घ्या. हिम्मतरावांचंही घेतलंत तर चालेल, पण मागून.