गॅस न लावता

"हात नीट दिसू देत हं," म्हणत चुलत बहिणीने मोबाइल माझ्या आईच्या हातांपाशी नेला. "तर ही आमच्या घरची खास रेसिपी. ओव्हन नको, गॅस नको. चॉकलेट चक्क उन्हात ठेवून पातळ करायचं. माझ्या आईने शोधून काढलेली आहे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. आई मात्र बिस्किटांचा चुरा, चॉकलेट आणि पीनट बटर कालवत राहिली. मोठ्या काकूंचा पंचाहत्तरावा वाढदिवस, बाहेरच्या खोलीत पाहुणे आणि आत राबायला आम्ही. काकू दाराशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. लेकीचं बोलणं त्यांनी खोडून काढलं नाही.

त्यांनी शोधून काढलेली म्हणे. बाबा गेल्यावर आम्ही दोघी याच घरात मागच्या खोलीत राहायचो. आई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायची. दमून घरी आली की आधी काकूंच्या दाराशी जाऊन विचारायची, "जाऊबाई, गॅस लावू का?"

"आत्ता कशाला? सिलिंडर काय फुकट येतो?" काकू म्हणायच्या. त्या बाहेर जाणार असल्या तर रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायच्या आणि किल्ली सोबत न्यायच्या.

एका वाढदिवसाला मी केकसाठी रडून घर डोक्यावर घेतलं. आईने कारखान्यातून तुटकी बिस्किटं आणली. भाजके दाणे खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटले, पीनट बटरची बाटली कुठली परवडायला. चॉकलेटचे तुकडे वाटीत घालून वाटी खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि ते पातळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. मग तिने गोळे वळले आणि ताटली ओल्या फडक्यावर ठेवून गार केले. फ्रिजही काकूंचाच होता ना.

"बघ, गॅसवाचून आपलं काही अडतं का?" आई तेव्हा म्हणाली होती. मला ते अगदी खरं वाटलं होतं.

आज मी आले होते ते एवढ्याचसाठी, की काकूंनी एकदा तरी चार लोकांत आईचं नाव घ्यावं. तेवढं झालं असतं तर बाकीचं सगळं सोडून द्यायला मी तयार होते.

ताट बाहेर गेलं आणि गोळे हातोहात संपले. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं चाटत विचारलं, "गॅस न लावता करायचं हे सुचलं कुणाला हो?"

काकूंच्या हातात एक गोळा होता. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग लेकीच्या मोबाइलकडे.

"माझंच डोकं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून आमच्याकडे असंच करतात."

"खरंय काकू," मी म्हटलं. "तुम्ही तो रेग्युलेटर..."

आईने माझं मनगट गच्च धरलं. "हो तर," ती डॉक्टरीणबाईंकडे बघून हसली. "जाऊबाई नसत्या तर मला हे कधी करावंच लागलं नसतं."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. हातातला गोळा त्यांनी न खाता ताटलीत ठेवला. एवढंच काय ते आमच्या पदरात पडलं.

"मला कशाला गप्प केलंस?" रस्त्यात मी आईवर डाफरले.

"या वयात त्यांना चार लोकांत खाली बघायला लावून काय मिळणार होतं?"

"तुला मिळालं असतं."

"काय?"

मी रागाने भराभर पुढे चालू लागले.

आता आम्ही राहतो ते घर आमचं आहे. मी लॅबमध्ये रक्त तपासते, माझ्या पगारातून घेतलं. शेगडी आईच्या पसंतीची. चपला काढून मी पलंगावर आडवी झाले आणि आई स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला, भांडं शेगडीवर ठेवल्याचा आला. पुढे काहीच ऐकू येईना, म्हणून मी उठून दाराशी गेले.

चहाचं पाणी शेगडीवर होतं. आई हातात लायटर घेऊन उभी होती.

"दमलीस ना? चहा टाकते," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. "गॅस लावू का?"