लवंगफुलाचं बी

सुनेने चहाच्या गाळणीत बिया ओतल्या आणि गाळणी नळाखाली धरली. मोरीत गुलाबी पाणी वाहायला लागलं. दुकानातल्या बियांना किडीचं औषध चोळलेलं असतं, ते काही केल्या निघेना. बोटांनी चोळून चोळून तिने बिया कशाबशा तपकिरी केल्या, फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवल्या आणि सासऱ्याच्या एका जुन्या कागदी पुडीत भरल्या. आतल्या खोलीतून म्हाताऱ्याने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं, लवंगफुलाचं बी धरलं का म्हणून. आणते, असं ती म्हणाली खरी, पण तिचा पाय उचलेना.

म्हातारा काही ऐरागैरा माळी नव्हे. संग्रहालयाची बाग तीस वर्षं त्याच्या हातात होती. संग्रहालय ज्या वाड्यात होतं, त्याच्या पहिल्या मालकाने दीडशे वर्षांपूर्वी चित्रकार बसवून आपल्या बागेचा वाफा न् वाफा रंगवून घेतला होता, आणि चित्रांत जे नाही ते बागेत लावायचं नाही, असा नियम होता. बाकीची जुनी फुलं कुठे ना कुठे मिळत. लवंगफुलाचे नवे भाऊबंदही दुकानात मिळत, पण हे जुनं मात्र फक्त इथेच उरलं होतं. करडी पानं, जांभळट तुरे, आणि वास असा की लवंगेचा डबाच उघडला म्हणावं. दर वर्षी इथलंच बी धरायचं, इथेच पेरायचं. पेरून उरलेलं बी म्हातारा जाळून टाकी. उरलं की चोरीला जातं, असं त्याचं म्हणणं.

हाताखालची माणसं त्याला पाठीमागे 'कुलूप' म्हणत. कोणतं झाड कधी छाटायचं, कुणाचं पाणी कधी तोडायचं, काहीही विचारा, उत्तर एकच: झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळं सांगून बसलेला माळी आणि पिळून झालेलं लिंबू सारखंच, असंही वर ऐकवायचा. त्याला तरी काय बोल लावायचा? त्याला शिकवणाऱ्या माळ्याने जवळचं सगळं सांगून टाकलं, तर दुसऱ्याच महिन्यात त्या माळ्याला घरी बसवलं आणि तिसऱ्या महिन्यात तो वारला. ते याच्या मनात कायमचं जाऊन बसलं होतं.

हिवाळ्यात म्हाताऱ्याची उजवी बाजू गेली. मुलाला झाडांचा मुळातच कंटाळा, म्हणून त्याच्या जागी सुनेने खुरपं हातात घेतलं. हात चांगला होता तिचा. लवंगफूल फुलायला लागलं तेव्हा तिला दिसलं, की निम्म्या रोपांची फुलं गच्च पाकळ्यांची आहेत आणि निम्म्यांची अगदीच फाटकी, चार पाकळ्यांची. चार दिवसांवर मोठे पाहुणे यायचे होते. तिने एका सकाळी एकेरी रोपं झाडून सगळी उपटली आणि खताच्या खड्ड्यात टाकली. वाफा असा काही भरून आला, की व्यवस्थापकसाहेब दोनदा येऊन बघून गेले. आता यात तिचं काय चुकलं, सांगा. कुणीही तेच केलं असतं.

फुलं सुकली, आणि ती शेंगांची वाट बघत बसली. एक शेंग धरेल तर शपथ. शेवटी तिने बियांच्या दुकानदाराला सहज म्हणून विचारलं, तर तो हसायलाच लागला. भरगच्च फुलाला बी कुठलं धरतंय बाई, त्याचं सगळं बळ पाकळ्यांतच संपतं. बी धरतं ते एकेरी फुलाला, आणि त्याच बियांतून निम्मी भरगच्च निघतात. ही तर या फुलाची बाराखडी आहे, असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बागेत परत येऊन तिने खताचा खड्डा कोपरापर्यंत उपसला. हाती नुसता काळा चिखल आला. दुसऱ्या दिवशी ती त्याच दुकानातून एक पाकीट घेऊन आली.

पुडी देताना तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याने डाव्या अंगठ्याने पुडी उघडली आणि नाकाशी नेली. औषधाचा वास असा धुऊन जात नसतो. त्याने पुडी उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन शब्द ओरडला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

दुपारी व्यवस्थापक आले. पेरणीआधी एका छापील कागदावर माळ्याने सही करायची, की बी याच बागेचं आहे. डावा अंगठा चालेल काका, असं म्हणत त्यांनी शाईची डबी उघडली. म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही.

"बाग आता हिच्याकडे आहे. हिला विचारा."

सून दारात उभी होती. एक हो म्हटलं की भागत होतं. नोकरी राहिली असती, वाफा फुलला असता, कुणाच्या बापाला कळलं नसतं. सासऱ्याने तरी कुठे तोंड उघडलं होतं? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"हे दुकानातलं आहे साहेब. आपलं संपलं. एकेरी रोपं मी उपटली."

साहेबांचा चेहरा उतरला. दीडशे वर्षं, एवढंच ते म्हणाले.

"तिला मी सांगितलं नव्हतं," म्हातारा म्हणाला. "संपलं ते माझ्या हातून."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. वाफा रिकामा राहू दे, वरच्यांना काय सांगायचं ते बघतो, असं म्हणून ते गेले. तिला कामावर ठेवणार की नाही ते बोलले नाहीत, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

दार लागल्यावर म्हाताऱ्याने तिला वही आणायला सांगितली.

"लिही."

त्या दिवसापासून रोज दुपारी तो सांगायचा आणि ती लिहायची. जुना गुलाब कोणत्या डोळ्यावर छाटायचा, निशिगंधाचे कंद कधी उकरायचे, कोणत्या वेलीला कोरडं ठेवलं तरच फूल येतं. त्याला धाप लागे, शब्द घसरत, पण थांबायचं नाव नाही. दोन वह्या भरल्या. वह्या भरत गेल्या तसं त्याचं जेवण दोन घासांवर आलं, आणि सांगून झालं की दिवसभर तो कुणाशी बोलेनासा झाला. दहा-बारा दिवसांनी एका दुपारी त्याने डोळे मिटून घेतले.

"झालं. आता काही राहिलं नाही ना?"

तिने वही चाळली. पहिल्या पानावरच्या यादीत चित्रांतल्या एकेका वाफ्यापुढे खूण झाली होती, एकही सुटला नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा इतका निवांत झाला होता, की सगळं सांगून तिसऱ्या महिन्यात गेलेला तो माळी तिला आठवला.

"एक राहिलंय बाबा."

"कोणतं?"

"उद्या विचारते," ती म्हणाली आणि वही मिटली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. कोणतं राहिलं असेल, ते तो आठवू लागला.